सतरंजीच्या कडेची बाई

सलमाआपांचं नाव आधी घेते. मालेगावच्या. मुलींना अरबी शिकवतात. नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं कुवेतला राहून आलेल्या. त्या नसत्या तर मी आजही सांगितलं की उठले असते, सांगितलं की बसले असते. म्हणून आधी त्यांचं नाव. झालं काय ते आता सांगते.

"ऊठ. ताट घेऊन ऊठ. आणि हसत ऊठ, पाहुणे बघतायत."

मी जिथं कामाला होते तिथल्या वहिनी माझ्या कानाशी वाकून बोलल्या. त्यांच्या स्वतःच्या तोंडावरही हसू होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, मायेनं काही विचारतायत. जेवणाचा हॉल भरलेला. मी खुर्चीवर, टेबलापाशी. समोर वरणभात, वर तूप. एक घास तोंडात. शेजारी हनानबाई. ट्युनिशियाच्या. त्यांनीच माझा हात धरून मला तिथं बसवलं होतं.

मी हसले. उठले. तोंडातला घास तसाच. थुंकायची तर सोयच नाही.

मागं मोरीपाशी आल्यावर वहिनींचं हसू गेलं.

"सतरंजीवर बोलावलं म्हणून लगेच टेबलावर चढलीस? आणि हे ताट आतल्या ताटांत मिसळू नको. तुझ्यापाशीच ठेव आता."

स्टीलचं ताट. तशी सगळी ताटं रोज मीच घासायची. घासायला माझा हात चालत होता. जेवायला नाही.

मी किनवटकडची. शाळा सातवीत सुटली. नवरा गेला तसं सासरचं दार बंद झालं, आणि द्राक्षाच्या छाटणीला निघालेल्या टोळीबरोबर मी एवढ्या लांब आले. दिंडोरीच्या रस्त्याला, बागांच्या मधोमध, एका संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे. टोळी परत गेली, मी मागं राहिले. संस्थेच्या भाऊंनी मला कामावर घेतलं. झाडलोट, संडास, भांडी. मागं पत्र्याची खोली राहायला दिली. मला ते देवासारखे वाटले. खोटं कशाला सांगू? त्यांची गाडी आत आली की मी झाडू खाली ठेवून उभी राहायची.

"इथं कुणी साहेब नाही," भाऊ म्हणायचे. "आपण सगळे एका घरातले." म्हणून ते भाऊ, त्यांची बायको म्हणजे वहिनी.

पहिल्याच दिवशी भाऊंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "छान. तुझा उपयोग होईल."

उपयोग काय, ते पुढं कळलं.

केंद्रात ठिकठिकाणची माणसं शिकायला यायची. त्यांना ग्रामसभा दाखवायची असे. आधी खऱ्या गावात न्यायचे. पण एकदा तिथल्या बायकांनी पाहुण्यांसमोरच भाऊंना धरलं, की मागच्या वेळी फोटो काढून नेले, त्याचं पुढं काय झालं? तेव्हापासून गाव बंद. ग्रामसभा केंद्रातच. मोठी सतरंजी अंथरायची आणि आम्हा कामवाल्यांनाच गाव करायचं. माळी सरपंच. स्वयंपाकी ग्रामसेवक, त्याच्या खिशाला पेन. बागेतल्या बायका म्हणजे मतदार. आणि मी सतरंजीच्या कडेला, अर्धी मातीत, पदर ओढून. मी वंचित.

मग भाऊंनी हाक मारायची. "पुढे या ताई. ही सभा तुमचीही आहे."

मी लाजत लाजत मध्ये जायचं. लाजायचं हे वहिनींनी शिकवलेलं. मध्ये जाऊन म्हणायचं, "आमच्या वस्तीला नळ पाहिजे." सरपंचानं विचारायचं, मंजूर आहे का? सगळ्यांचे हात वर. ठराव पास. पाहुण्यांच्या टाळ्या. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी.

तो नळ कितीतरी वेळा मंजूर झाला. माझ्या खोलीला नळ नव्हता. बागेचा पाइप सुटेल तेव्हा मी हंडा भरायची.

स्वयंपाकी चिडवायचा, "काय वंचित, आज नळाला पाणी आलं का?" आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

त्या वेळी आलेली माणसं अरब देशांतली होती. ट्युनिशिया, इजिप्त, जॉर्डन, येमेन. तिकडं छोट्या छोट्या संघटना चालवणारी. कुणी वस्तीच्या पाण्यासाठी भांडणारं, कुणी तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांना गोळा करणारं. त्यांच्या संघटना मजबूत करायच्या, म्हणजे तिकडं लोकशाही रुजेल, असा तो कार्यक्रम. भाऊ बोलायचे, सलमाआपा अरबीत सांगायच्या.

हनानबाईंची चूक एवढीच की त्यांनी ते खरं धरलं. सतरंजीवर मला पुढं बोलावलेलं त्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, इथं असंच असतं. म्हणून जेवायच्या वेळी त्यांनी मला शोधलं आणि हात धरून खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या कुणाकडून ही चूक होणार नव्हती. बाकी सगळ्यांना माझी जागा ठाऊक होती. मलाही होती. तरी बसले. वरणावरचं तूप बघून नाही बसले. कुणीतरी हात धरला होता, म्हणून बसले.

मी उठून गेल्यावर हनानबाईंनी विचारलं, ती का गेली? वहिनींनी सलमाआपांना सांगितलं, "सांगा, तिला मोठ्या माणसांत संकोच वाटतो. आपणहून उठली."

आपांनी ते तसंच सांगितलं. नंतर हात धुवायचं निमित्त करून मोरीपाशी आल्या. मी उभ्यानं जेवत होते.

"देख बेटा," त्या म्हणाल्या, "त्यांनी जे म्हटलं ते मी पोचवलं. ते माझं काम आहे. पण तू कशी उठलीस ते मी बघितलं. उद्या तुला काही म्हणायचं असलं तर म्हण. तुझंही तसंच पोचवीन. एक लफ्ज इकडचा तिकडे होणार नाही."

"माझी खोली जाईल आपा."

"जाईल," त्या म्हणाल्या. "मी खोटी तसल्ली देणार नाही."

आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा पुन्हा होती. या वेळी कॅमेरा. मदत देणाऱ्यांना पाठवायचं होतं. सतरंजी अंथरली. मी कडेला बसले. मला भाऊंचे उपकार आठवत होते. टोळी गेल्यावर मी कुठं गेले असते, ते आठवत होतं.

"पुढे या ताई. ही सभा तुमचीही आहे."

मी उठले नाही.

"या ताई. लाजू नका."

"नाही येत."

माळी माझ्याकडे बघायला लागला. हे ठरलेल्यात नव्हतं.

"मी नाही येत पुढं," मी म्हणाले. "जे बोलायचं ते इथूनच बोलते. मी वंचित नाही, मी इथली कामवाली आहे. संडास धुते. हे सरपंच इथले माळी आहेत. हा नळ खोटा आहे. काल ह्या बाईंनी मला जेवायला बसवलं आणि वहिनींनी ताटावरून उठवलं. हसत ऊठ म्हणाल्या. मी हसत उठले. परत उठणार नाही."

सलमाआपा माझ्या वाक्यामागं वाक्य बोलत होत्या. माझं थांबलं की त्यांचं सुरू. त्यांचं थांबलं की माझं.

"आपा, हे नका सांगू," भाऊ हळूच म्हणाले.

"भाऊ, मी बोलणं पोचवते. गाळायचं असेल तर उद्यापासून चाळणी बोलवा."

कॅमेरा चालू. मला वाटलं, आता भाऊ ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

भाऊ हसले. दोन्ही हात पसरले. म्हणाले, "पाहिलंत? हीच लोकशाही! आमच्याकडे सगळ्यात शेवटची बाईसुद्धा माझ्याविरुद्ध, माझ्याच तोंडावर बोलू शकते!"

आणि टाळ्या पडल्या.

मोठ्या टाळ्या. नळाला पडायच्या त्याहून मोठ्या. एकानं माझा फोटो काढला. माझ्या तोंडचं खरंसुद्धा भाऊंनी खेळात घेतलं. त्या क्षणी माझ्या मनातले त्यांचे सगळे उपकार फिटले. ह्या माणसानं मला ठेवून घेतलं ते दाखवायला. मी बोलले तरी दाखवायला.

हनानबाईंनी टाळी वाजवली नाही. सभा मोडल्यावर त्या माझ्यापाशी मातीत येऊन बसल्या. आपांना बोलवायच्या आधीच त्यांनी हातांनी विचारलं. घासायची खूण केली. ताटाची केली. नळ पिळल्यासारखं करून नाही अशी मान हलवली. मी हो म्हणत गेले. माझं सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी न बोललेलं त्यात काही नव्हतं.

मग आपांमार्फत त्यांनी विचारलं, "आमच्याकडे असं बोललं की रात्रीतून उचलून नेतात. तुमच्याकडे काय करतात?"

मी म्हणाले, "आमच्याकडे टाळ्या वाजवतात. मग सामान बाहेर ठेवतात."

आपांनी सांगितलं. हनानबाई हसल्या नाहीत. माझा हात घट्ट दाबला, इतका की दुखला.

पाहुणे गेले त्याच दिवशी माझं सामान बाहेर आलं. वहिनींनी ते ताटही वर ठेवलं होतं. "घेऊन जा," म्हणाल्या, "आम्हाला त्याचा काय उपयोग?" माळी फाटकाशी उभा होता. त्यानं मान फिरवली. त्याला दोष देत नाही. त्यालाही खोली आहे.

आता मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. ठेकेदाराची माणूस. चार बायकांत मिळून भाड्याची खोली. इथंही सुपरवायझर हाक मारतो तेव्हा मी हातातलं टाकून उभी राहते. भीती गेली नाही. तिच्यासकट आम्ही बायका सुट्टीच्या दिवशी बसतो, संघटना करायची म्हणून. कुणी कुणाला पुढे या म्हणत नाही. ज्या बाईला बोलायचं ती बसल्या जागेवरून बोलते. पहिल्यांदा माझंच म्हणणं बायकांनी पाडलं. चक्क हात वर करून पाडलं. घरी येताना मला राग आला, आणि मग कळलं की अशी सभा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

पण माझं एक काम बाकी आहे.

भाऊंनी नाशिकातल्या संस्थांत सांगून ठेवलंय, की सलमाआपा पदरची भर घालतात. त्या बाईचं बोलणं तेवढं नव्हतंच, आपांनी वाढवून सांगितलं. आता आपांना कुणी दुभाषी म्हणून बोलवत नाही. मी फोन केला तर म्हणाल्या, "छोड बेटा. लोकांना माझं तोंड नको, चाळणी पाहिजे." हसल्या. मला हसू आलं नाही.

त्या संस्थांची एकत्र बैठक होते. भाऊ तिथं पुढच्या रांगेत असतात. मला तिथं कुणी बोलावणार नाही. मी न बोलावता जाणार. उभी राहून, भाऊंचं नाव घेऊन सांगणार, की त्या दिवशी जे बोलले ते मी बोलले. एकूण एक शब्द माझा होता, आपांनी त्यात काही घातलं नाही. कुणी टाळ्या वाजवायला लागलं तर थांबवणार. म्हणणार, टाळ्या नकोत, आपांना काम द्या.

सलमाआपा, माझी जीभ तेव्हाही अडखळेल. एका खेपेत जमणार नाही कदाचित. जमेपर्यंत जाईन. तुमच्या नावावर घातलेला खोटेपणा माझ्यामुळे आहे, तो मीच काढीन. हे तुमचं देणं आहे आपा, आणि मी ते फेडणार.