चित्रातल्या बाईचं म्हणणं

चित्रकला महाविद्यालयात तिला सगळे मावशी म्हणत. एकवीस वर्षं ती तिथे मॉडेल म्हणून बसत होती. लाकडी चौथरा, पायाशी हीटर, अंगावर चिंधी नाही. लाज पहिल्या वर्षीच संपली. उरली ती पाठीची रग आणि पायाला येणाऱ्या मुंग्या. नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा सून तिच्या बाजूने उभी राहिली. "पोरं फळी मापणाऱ्या सुतारासारखी बघतात गं," मावशी तिला सांगायची. "फळीला कसली आलीय लाज?"

तिथलाच एक जुना विद्यार्थी आता नावारूपाला आला होता. त्याच्या मोठ्या चित्रासाठी ती दोन महिने बसली. मुकाट काम करणारा माणूस. चित्र झालं तसं तिने पाहिलं: सुटलेलं पोट, सुजलेले गुडघे, बेंबीखालचा व्रण. "मीच आहे," ती म्हणाली. तिला ते आवडलं होतं.

प्रदर्शनाची पुस्तिका घरी आली. सून मोठ्याने वाचू लागली. एका नामवंत समीक्षकाने लिहिलं होतं की, हा देह म्हणजे वापरून फेकलेल्या स्त्रीत्वाचा अवशेष, व्रण म्हणजे अत्याचाराची सही, आणि डोळ्यांत आत्मविनाशाची याचना.

"याचना म्हणजे?"

"भीक मागणं."

"कसली भीक?"

सून घुटमळली. "मरणाची."

"मी तर बस चुकेल का, याचा विचार करत होते," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी ठेवणीतले कपडे घालून प्रदर्शनाला गेल्या. समीक्षक पंधरा-वीस जणांना चित्र समजावत होता. बोलता बोलता त्याने पेनाचं टोक व्रणावरून हवेत फिरवलं. अंगावर पाल पडावी तशी मावशी शहारली.

"ते सिझेरियन आहे," ती म्हणाली. "माझा थोरला पोटात आडवा होता. ही उभी आहे ना, हिचा नवरा. डॉक्टरीणबाईंनी दोघांना वाचवलं. अत्याचार कुणी केला नाही."

समीक्षकाने वळून पाहिलं, ओळखलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "बघा, देह स्वतःच बोलतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल काढले. कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा तशाच बसून दाखवता?"

चित्रकार कोपऱ्यात आपले बूट बघत होता.

"एवढी वर्षं कपडे उतरवून बसले, पण मला नागडं कुणी केलं नव्हतं. ते तुम्ही आज केलंत," मावशी म्हणाली आणि सुनेचा हात धरून बाहेर पडली. पायऱ्यांवर तिला ओकारी झाली.

तिसऱ्या दिवशी चित्रकार घरी आला. "मावशी, ते मी लिहिलं नव्हतं."

"छापायच्या आधी वाचलं होतंस?"

त्याने मान डोलावली.

"मग चहा पी आणि जा. परत बोलावू नकोस."

महाविद्यालयात ती आणखी दोन वर्षं बसली, गुडघे थकेपर्यंत. बाहेरच्या कुणासाठी मात्र पुन्हा बसली नाही. ते चित्र पुढे एका मोठ्या संग्रहालयाने घेतलं. सून बघून आली. शेजारच्या भिंतीवर तोच मजकूर लावलेला होता, शब्दही न बदलता. तिने घरी येऊन सांगितलं. मावशी उठली, मोरीपाशी गेली आणि बराच वेळ चुळा भरत राहिली.