सुरतेला गेलेल्यांच्या चाव्या

धुळ्याच्या बसस्थानकासमोर सायकल लावणारे वेगळे आणि ठेवून जाणारे वेगळे. लावणारा सकाळी येतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. ठेवून जाणारा सुरतेच्या बसमध्ये बसतो, तिथे कापडाच्या कारखान्यात कामाला लागतो, आणि दिवाळीला नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परततो. तोवर त्याची सायकल सायकल-स्टँडच्या मागच्या भिंतीशी उभी असते. त्या कोपऱ्यालाच तिथे सगळे ‘सुरत’ म्हणतात.

निंबाच्या स्टँडला सुरत होती. पत्र्याच्या पलीकडे रुपचंदचा स्टँड होता, त्यालाही होती. फरक एवढाच, की रुपचंदकडे सायकल ठेवणारा जाताना चावीही देऊन जाई. निंबाकडे ठेवणारा चाकाला कुलूप घाली, ओढून बघे, पुन्हा एकदा ओढून बघे, आणि चावी खिशात टाकून बसकडे धावे.

चावी हातात असली की सायकल चार पावलं फिरवता येते, उन्हाला काढता येते, टायर एकाच अंगावर बसत नाहीत. निंबा कुलूपबंद सायकली मागून उचलून फिरवत असे. हवा भरी, कपड्याने पुसून काढी. त्याच्या स्टँडमधून कधी साधी घंटीसुद्धा गेली नव्हती. तरी चावी कुणी दिली नाही. का, हे कुणी सांगितलंही नाही. काही कारण असतं तर त्याला ते बरं वाटलं असतं.

रुपचंद त्या चाव्या काळ्या गोफात ओवून गळ्यात घाली. तो वाकला की त्या वाजत. पत्र्यापलीकडून तो आवाज आला, की निंबाच्या हातातला पंप क्षणभर थांबे.

“काय भो निंबा,” रुपचंद पत्र्यावरून डोकावून म्हणे, “तुनी सुरतमा चाबी एकबी दिखत नही.”

“मन्या सायकली मालकले वळखतस,” निंबा म्हणे. “कोनाबी हातमा जातस नही.”

रुपचंद हसे. तो हसला की गळ्यातल्या चाव्या पुन्हा वाजत.

घरी निंबाची बायको ताईबाई हे सारं ओळखून होती. एकदा जेवताना तो रुपचंदवर घसरला, तेव्हा तिने कमरेची चावी काढून त्याच्या ताटाशी ठेवली. “चाबीच पाहिजे ना तुले? हाई ले, घरनी. सकायले पानीबी भरी ठेव.” निंबा जेवत राहिला. चावी मात्र ताटाशेजारी तशीच पडू दिली.

गेल्या वर्षी महापालिकेने ठरवलं, की दोन्ही स्टँड मोडून तिथे एकच पक्कं सायकलघर बांधायचं. लोखंडी जाळी, वर पत्रा, आणि लांबच्या गावी जाणाऱ्यांसाठी मागे वेगळी खोली. निंबा आणि रुपचंद दोघांनाही तिथेच राखणीला ठेवणार होते, एक सकाळी, एक दुपारी. आखणी करायला मोहिनी नावाची तरुण इंजिनिअर आली होती. तिने दोघांना समोर बसवून विचारलं, “भाऊ, खोली सुरक्षित राहायची तर आणखी काय करावं?”

रुपचंदने दिवा उजेडाचा हवा, असं सांगितलं. निंबाने खाली मान घालून, जणू आत्ताच सुचलं अशा स्वरात म्हटलं, “मॅडम, चावी मालकाकडेच राहावी. राखणदाराने घेऊ नये. उद्या काही झालं तर बोट कुणाकडे दाखवायचं?”

मोहिनीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. सायकलघर उभं राहिलं तेव्हा दारावर पाटी लागली: राखणदाराकडे चावी देऊ नये. आखाजीला लोक गावी आले, तेव्हा ज्याची त्याची चावी परत करताना रुपचंद कुरकुरला नाही. गोफ रिकामा झाला तेव्हा त्याने तो गुंडाळून खिशात ठेवला. मग आखाजीचा सगळा आठवडा निंबाला झोप चांगली लागली.

आखाजी झाली. सुरतेचे लोक परत निघाले. एका सकाळी फागणे गावचा वना सायकल घेऊन आला. तो वर्षानुवर्षं रुपचंदकडे ठेवणारा. बस सुटायच्या बेतात होती. त्याने मागच्या खोलीत सायकल उभी केली, कुलूप लावलं, आणि चावी निंबापुढे धरली.

निंबाचा हात आपोआप पुढे झाला.

“रुपचंदभाऊले दि देजो,” वना म्हणाला.

हात तिथेच राहिला. “चाबी लेतस नही आते,” निंबा म्हणाला. “नियम शे.”

“कोना नियम?”

निंबाने पाटीकडे बोट केलं. वनाने पाटी वाचली, बसकडे पाहिलं, आणि चावी पुन्हा कुलपात घालून फिरवली. खट्‌ करून कुलूप उघडलं.

“मंग मी कुलूपच लावस नही. चाबी आठेच ऱ्हाऊ दे.”

“आन कोनी लई गया तर?”

“रुपचंदभाऊ दुपारले येस ना? मंग झायं.” आणि वना पळत जाऊन बसमध्ये चढला.

जाळीतून ऊन येत होतं. कुलपं घातलेल्या सायकलींच्या ओळीत ती एकटी मोकळी उभी होती, किल्ली बाहेर डोकावत होती. निंबा तिच्यासमोर स्टूल टाकून बसला. चहाला गेला नाही. जो येईल त्याच्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्यावर टाकलेला विश्वास त्याला सकाळभर राखावा लागत होता, आणि कोणी ती सायकल खरंच नेली असती तर बरं झालं असतं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

दुपारी रुपचंद आला. आत डोकावताच त्याची नजर तिथे गेली.

“हाई कोनी उघडी सोडी?”

निंबा उठला.

“वनानी. मना भरोसावर सोडी गया.”

रुपचंदने त्याच्याकडे पाहिलं. मग किल्लीकडे. रिकाम्या गळ्यावरून त्याने हात फिरवला. तो हसला नाही.

“मंग हवा तूच भर,” तो म्हणाला, “वना दिवायीले येस तवलोंग.” आणि दाराशी स्टुलावर जाऊन बसला.

आपली वेळ संपली होती, तरी निंबा गेला नाही. त्याने सायकल चार पावलं पुढे नेली, चार पावलं मागे आणली. चाक कुठेही न अडखळता फिरलं. मग त्याने खाली बसून टायर दाबून पाहिलं. हवा भरपूर होती. तरीही त्याने पंप लावला.