खाद्याच्या मशीनला बसवलेला ऑटो

मला लहानपणापासून एक खोड आहे. चालतं यंत्र दिसलं की ते कशानं चालतं हे कळेपर्यंत तिथून माझा पाय निघत नाही. या खोडीपायी मी आयटीआयला वायरमन झालो, ताडकळसला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, आणि याच खोडीपायी ते दुकान भावाच्या हवाली करून गंगाखेड-राणीसावरगाव रस्त्यावरच्या एका शेडवर कामाला लागलो. घरी सांगताना 'फार्मवर जातोय' एवढंच सांगितलं. फार्म डुकरांचा आहे हे आईला आठ दिवसांनी कळलं. तेव्हापासून सुट्टीला गेलो की घरात शिरण्याआधी ती मला अंगणातच आंघोळ करायला लावते.

मालक मूळचे उसाचे शेतकरी. त्यांनी मोठ्या पांढऱ्या जातीच्या चाळीस माद्या आणल्या, आणि दोन वर्षांनी त्यांना आपोआप खाद्य घालणारं मशीन घेतलं. ते बसवायला पुण्याहून दोन माणसं आली होती. मला बोलावलं होतं फक्त मीटरपासून केबल ओढायला. केबल दुपारपर्यंत ओढून झाली, पण मी काही निघेना. दुसऱ्या दिवशीही न बोलावता गेलो. तिसऱ्या दिवशी मालक हसून म्हणाले की आता इथंच राहा, हे मशीन तुम्हीच चालवा.

मशीन असं आहे. शेडबाहेर पत्र्याची उंच टाकी, तिच्यात मका-सोयाबीनचा भरडा. टाकीच्या बुडातून एक पाइप निघतो आणि छताखालून शेडभर फिरतो. पाइपात लांबच लांब स्प्रिंग असते. मोटारीनं ती गोल फिरली की भरडा पुढं पुढं सरकतो. प्रत्येक मादीच्या कप्प्यावर एक पारदर्शक डबा टांगलेला असतो आणि त्यात किती भरायचं ते पट्टी सरकवून ठरवता येतं. शेवटचा डबा भरला की मोटार थांबते. मग सकाळी सातला आणि दुपारी चारला एक तार ओढली जाते, सगळ्या डब्यांची बुडं एकदम उघडतात आणि चाळीस गव्हाणींत एकाच क्षणी खाद्य पडतं.

एकाच क्षणी का, हे मला कळेना. पुण्याच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, सिस्टिमच तशी आहे. खरं उत्तर मावशींकडून मिळालं. मावशी म्हणजे शेडवर पहिल्या दिवसापासून काम करणाऱ्या बाई, रस्त्यापलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या. मशीन येण्याआधी त्याच बादलीनं खाद्य घालायच्या. पहिल्या कप्प्यात खाद्य पडलं की शेवटच्या कप्प्यातली मादी चवताळायची, लोखंडी दाराला धडका द्यायची. गाभण असली तर गाभ जाण्याची भीती. म्हणून मावशी आज या टोकाकडून सुरुवात करायच्या आणि उद्या त्या टोकाकडून, म्हणजे रोज तीच शेवटी उरायला नको. मला ही युक्ती मशीनपेक्षा जास्त आवडली, आणि पुढचे किती तरी दिवस मी मशीन सोडून मावशींनाच प्रश्न विचारत बसलो.

मावशींची एक मादी त्या शेडात होती. जन्मली तेव्हा इतकी किडकिडीत होती की मालकांनी तिची आशा सोडली होती. मावशींनी तिला घरी नेऊन शेळीच्या दुधावर वाढवलं. मालक म्हणाले, जगवलीत तर ती तुमची. ती जगली, आणि आता पहिल्यांदा गाभण होती. ठरलं असं होतं की तिचं पहिलं वेत शेडातच व्हायचं, अर्धी पिल्लं मालकांची, अर्धी मावशींची, आणि पिल्लं दुधावरून सुटली की मादी कायमची मावशींच्या घरी. घराशेजारी त्यांनी पत्रे लावून जागाही करून ठेवली होती. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते, हा हिशोब मला त्यांनीच शिकवला. शेडच्या दाराच्या चौकटीवर खडूनं रेघा ओढून त्या दिवस मोजत होत्या.

मशीनचा एकच त्रास होता आणि तो लाईटचा. मोटारीला थ्री फेज लागते, आणि आमच्या लाईनीची थ्री फेज कधी येईल आणि कधी जाईल याचा काही नेम नाही. सातला लाईट नसली की मशीन ती वेळ सरळ चुकवायचं. मग लाईट आली की मी धावत जाऊन बटण दाबायचं, तोवर चाळीस डुकरं किंचाळून शेड डोक्यावर घ्यायची. दोनदा तर मी अंगाला साबण लावलेला असताना लाईट आली.

आमच्याकडं याला एक ठरलेला इलाज आहे. कुठल्याही विहिरीवर जा, मोटारीच्या स्टार्टरशेजारी एक लहान डबी असते, ऑटो म्हणतात तिला. लाईट आली की ती आपोआप मोटार चालू करते आणि शेतकरी घरी निवांत झोपतो. मी आयुष्यात असे शेकडो ऑटो बसवले असतील. एक या मशीनच्या पॅनेललाही बसवला. लाईट आली की मशीन आपलं आपण डबे भरणार आणि ओतणार. मालकांनी पाठ थोपटली. मीही लय खूश झालो, भावाला फोन करून सांगितलं की पुण्याच्या इंजिनिअरला सुचलं नाही ते मी केलं.

पंधरा दिवसांत टाकी वेळेआधी रिकामी होऊ लागली. मी काठीनं टाकी वाजवून पाहायचो. जिथं भरीव आवाज यायला हवा तिथं पोकळ यायचा. माद्या गोल दिसायला लागल्या. याच सुमारास एकदा मावशींनी मला विचारलं होतं की आता खाद्य जास्त वेळा पडायलंय का. मी हसलो. मशीनला घड्याळ असतं, ते तुमच्यासारखं अंदाजानं चालत नाही, असं काहीतरी मी बोललो. त्या झाडू घेऊन पुढच्या कप्प्याकडं गेल्या.

मग एका दुपारी मी शेडात शिरलो तेव्हा मावशी आपल्या मादीच्या कप्प्यात होत्या आणि त्यांचा पदर भरड्यानं भरलेला होता. मला पाहून त्या दचकल्या. मी तसाच मागं फिरलो, माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. टाकी का रिकामी होते, त्यांची मादी सगळ्यांत जड का दिसते. संध्याकाळी मी ते मालकांना सांगितलं. चहाडी करतोय असं तेव्हा वाटलंच नाही. एक कोडं सुटलं याचा आनंदच जास्त होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मालकांनी आरोप केला नाही. मावशींना फक्त म्हणाले की सध्या काम कमी आहे, बोलावलं की या. मादी अर्थातच शेडात राहिली. आमच्याकडं अशा बोलण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मावशींनी झाडू भिंतीला उभा केला, चौकटीवर त्या दिवसाची रेघ ओढली आणि गेल्या.

मावशी गेल्या तरी टाकी तशीच रिकामी होत राहिली. चार दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिलो. पाचव्या दिवशी जेवणाचा डबा बांधून घेतला, पालथ्या क्रेटवर बसलो आणि ठरवलं की दिवसभर इथून उठायचं नाही. सातचं खाद्य पडलं, सगळ्यांनी खाल्लं. नऊला लाईट गेली. साडेअकराला बाहेरच्या पेटीत ऑटो खट् वाजला आणि मोटार फिरली. डबे भरले, बुडं उघडली, चाळीस गव्हाणींत पुन्हा खाद्य. बाराला लाईट गेली, वीस मिनिटांनी आली. खट्. पुन्हा खाद्य. दीडला तसंच. मी क्रेटवर बसून माझीच हुशारी पाहत होतो. सात वाजता खाद्य पडलंय, आता नको, हे त्या डबीला कुठून कळणार? विहिरीवरच्या मोटारीला ते कळायची गरज नसते. पाणी दोनदा सुटलं तर ऊस मरत नाही.

तेव्हा मी मावशींच्या मादीकडं पाहिलं. बाकीच्या उठून पुन्हा खात होत्या. ती उठली नाही. तिच्या गव्हाणीत भरड्याचा ढीग साचला होता आणि ती त्याच्याकडं पाठ करून पडली होती. विण्याच्या आधी मादीचं खाद्य कमी करावं लागतं, नाहीतर पोट धरतं आणि वेत अडतं, हे मला मावशींनीच सांगितलं होतं. मी आत जाऊन ढीग उपसायला लागलो. ठेवायला काही नव्हतं म्हणून शर्टाचा पुढा धरला आणि त्यात भरत गेलो. अर्धा भरल्यावर हात थांबला. त्या दिवशी मावशी हेच करत होत्या. खाद्य आणत नव्हत्या, काढून नेत होत्या.

मी आधी ऑटोच्या वायरी तोडल्या, मग मालकांना सांगितलं. त्यांनी पॅनेलपाशी येऊन तोडलेल्या वायरी पाहिल्या. मग म्हणाले, "मिस्तरी, उद्यापासून या म्हणून सांगून या त्यांना. बाकी काही बोलायची गरज न्हाई." मी निघालो. रस्ता ओलांडेपर्यंत मलाही तेच बरं वाटत होतं.

मावशी पत्र्याच्या त्या नव्या जागेत बसून जमीन सारवत होत्या. मी म्हणालो, उद्यापासून या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "डुकरीण खायलीय का?" मी म्हणालो, सकाळी सातनंतर तोंड लावलं नाही. मग माझ्याच्यानं राहवेना आणि मी सगळं सांगून टाकलं. ऑटोचं, पदराचं, मालकांना कुणी सांगितलं त्याचं. पदरात काय आहे हे त्याच दिवशी मला का नाही सांगितलं, हेही विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला वाटलं तुमीच वाढवलं आसंल," त्या म्हणाल्या. "इचारलं तर हसलात. पुन्ना कसं इचारावं?"

एवढं बोलून त्यांनी हात धुतले आणि माझ्यासोबत शेडावर आल्या. उद्याची वाट पाहिली नाही. मादीच्या पोटावर हात फिरवला, मला गव्हाचा कोंडा आणि गूळ आणायला पाठवलं, तिच्या कप्प्यावरचा मशीनचा डबा दोरीनं बांधून बंद करून टाकला. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनीही हेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मादी विली. अकरा पिल्लं झाली, त्यातली दोन मेलेली. जादा खाद्यानं मेली का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पहिल्या वेताला असं होतंही, सांगता येत नाही. मला आजही ते माहीत नाही. बाकी कुठलाही प्रश्न अर्धवट राहिला तर मला झोप येत नाही. हा एक प्रश्न मात्र मी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांना विचारायला गेलो नाही.

पुढं सगळं रुळावर आलं. ऑटोच्या जागी मी एक घंटी लावली, लाईट आली की ती नुसती वाजते आणि बटण माणूस दाबतो. बहुतेक वेळा मावशीच दाबायच्या. दाबण्याआधी गव्हाणी बघून यायच्या. माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच बोलायच्या, प्रश्नांची उत्तरं द्यायच्या, माझ्या अंगणातल्या आंघोळीवरून चेष्टाही करायच्या. मालकांनी नऊ पिल्लांमधली पाच त्यांना दिली. मला वाटलं, झालं गेलं ते संपलं.

पिल्लं दुधावरून सुटल्यावर मादीला घरी न्यायचा दिवस आला. रस्त्यापलीकडंच जायचं, पण मादी चालवत नेली तर बिथरेल म्हणून मालकांनी छोटा टेम्पो दिला. आम्ही फळी लावून मादी चढवली, मागून पिल्लं चढवली. खाली अंथरायला मावशींनी शेडातून भुशाचं एक पोतं भरून आणलं. मी ते वर घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी पोतं दिलं नाही. खाली ठेवलं, तोंडाची दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी ते माझ्यासमोर उघडं धरलं.

"बघून घ्या मिस्तरी," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, तेवढं मला नक्की कळतं. मी म्हणालो, मावशी, कशाला, चढवा तसंच. त्या तशाच उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, मालक पलीकडं पाहत होते, आणि पोतं काही खाली होईना. शेवटी मी वाकलो आणि आत पाहिलं. नुसता भुसा होता.

मग त्यांनी दोरी बांधली आणि पोतं माझ्या हातात दिलं.