पाडव्याच्या दिवशी पाच वाइन

मिरज स्टेशनवर निजामुद्दीनची गाडी लागली तरी आप्पा माझ्याशी बोलले नव्हते. आई सीटखाली धपाट्यांचा डबा कोंबत होती, दादा पाण्याची बाटली आणायला धावला होता, आणि आमचे आप्पा, रिटायर्ड हेडमास्तर, हाताची घडी घालून प्लॅटफॉर्मवर उभे. गाडी हलली तेव्हा खिडकीशी आले आणि म्हणाले, "नोकरी आहे तोवर दिल्ली. नोकरी सुटली की पहिल्या गाडीनं परत यायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पोरगी हॉटेल मॅनेजमेंट शिकली इथवर त्यांनी कसंबसं गिळलं होतं. आता ती गुडगावला जाऊन वाइन विकणार, हे सांगलीत कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटायचं, ही मजा मारतेय. मजा कसली डोंबलाची! तेव्हाचं गुडगाव म्हणजे इकडे काचेचे टॉवर, तिकडे मोहरीची शेतं आणि मधे खड्डे. लाइट गेली की शेजारच्या जनरेटरचा धूर थेट माझ्या खोलीत. माझ्यासारखे जे इकडे आलात, त्यांना वेगळं सांगायला नको. पहिलं वर्षभर जो तो विचारतो, "मॅडम, आप साउथ से हो?" आणि आपण दमून शेवटी हो म्हणतो.

आमची कंपनी परदेशातून वाइन आणून हॉटेलांना विकायची. माझं काम चाखायचं आणि चवीचं टिपण लिहायचं. हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक उष्टा करायचा नाही, म्हणजे चव घेऊन बघायचं नाही. आमटीत मीठ पडलंय का, हे आई वाफेवरून सांगायची. मी दहा वर्षांची झाले तेव्हा मलाही यायला लागलं. तेवढ्या भांडवलावर मी दिल्ली गाठली.

तिसऱ्या वर्षी पाडव्याला आप्पा एकटेच आले. "काय करतेस ते बघायचंय," एवढंच म्हणाले. नेमकं त्याच दिवशी एका मोठ्या हॉटेलचे लोक वसंतातली वाइनची नवी यादी ठरवायला आमच्या ऑफिसात येणार होते. सकाळी बघते तर आप्पांनी सेक्टरमधल्या झाडाचा कडुनिंब आणून, गूळ-ओवा घालून वाटून ठेवलेला.

"आप्पा, आज नको. चाखायचंय मला, जीभ स्वच्छ लागते."

"पाडवा पण आजच आहे," ते म्हणाले आणि गोळी माझ्यापुढे धरून उभे राहिले. उभेच. खाल्ली मुकाट्यानं. त्यानंतर मी तीन ग्लास पाणी प्यायले, सुकी पोळी चावली, पण कडू काही हटेना. तशीच आप्पांना घेऊन ऑफिसला गेले.

आमचे साहेब, खुराना, आप्पांना बघून खूश. "अंकलजी को जूस पिलाओ!" हॉटेलवाले यायचे होते, तोवर दोघांच्या गप्पा. आप्पा त्यांच्या त्या हिंदीत पाडवा समजावत होते. "हमने आज सुबह कडुनिंब खाया. इसने भी खाया." मला धरणी दुभंगावी असं झालं.

मग हॉटेलवाले आले आणि बाटल्या उघडल्या. जीभ गेलेली, म्हणून सगळी मदार नाकावर. पहिली पांढरी, फ्रान्सची: कैरीची साल, ओला दगड. दुसरी नाशिकची: पिकायच्या बेताचा पेरू आणि नुकती चिरलेली भोपळी मिरची. तिसरी गुलाबी: कलिंगडाचा सालीजवळचा भाग, वास कमी, पण उन्हात बरी. चौथी लाल, हलकी: जांभळं. मी सांगत होते, ते लिहून घेत होते. चाखताना वाइन गिळत नाहीत; मी घोट घेऊन बादलीत थुंकले की कोपऱ्यात बसलेले आप्पा डोळे मिटून घ्यायचे.

पाचवी इटलीची लाल. सगळ्यात महागडी, आणि साहेबांचा सगळा जीव तिच्यात. ग्लास नाकाशी नेला आणि मी थांबले. काकवी. तीही तळाला लागलेली. हा माल मागचा अख्खा उन्हाळा पत्र्याच्या गोदामात पडून होता, हे मला माहीत होतं. मी पुन्हा वास घेतला. साहेब माझ्याकडेच बघत होते. हसत म्हणाले, "मॅडम ने सुबह नीम खाया है. आज इनकी ज़बान छुट्टी पे है. ये वाली मैं बताता हूँ."

सगळे हसले. मीही हसून गप्प बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. मी म्हटलं, "ज़बान छुट्टी पे है सर, नाक नहीं. ये वाइन गर्मी में ख़राब हो चुकी है."

हॉटेलवाल्यांनी ग्लास खाली ठेवले. ते गेल्यावर साहेबांनी आप्पांच्या देखतच सांगितलं, कल से मत आना.

आम्ही रिक्षानं परत निघालो. माझ्या डोक्यात फक्त पहिली गाडी. कोपऱ्यावर उतरल्यावर मीच विचारलं, "तिकीट काढू ना? दोघांचं?"

"पहिल्याच वासाला कळलं होतं तुला," ते म्हणाले. "तोंड बघितलं मी तुझं. मग दुसऱ्यांदा वास कशाला घेतलास?"

माझं डोकंच फिरलं. "नोकरी होती ती माझी, आप्पा! आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं कडुनिंबाचं पुराण लावायला?"

भर रस्त्यात मी आप्पांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. येणारे-जाणारे बघायला लागले. ते जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तेही खरंच. दुसरी नोकरी बघ."

"आणि मिरजेला कबूल केलं होतं ते?"

"सांगलीला येऊन काय करशील? द्राक्षं आहेत तिथे, पण ती आम्ही खातो. तुझं काम इथलं आहे. तू इथलीच झालीस."

तीन वर्षं मी हेच ऐकायला तडफडत होते. आणि ऐकलं तेव्हा ते नकोसं झालं. त्या अटीवर मी रोज चरफडायचे, पण कुणीतरी आपल्याला परत न्यायला टपून बसलंय, या भरवशावरच तर मी इथे एकटी राहत होते. मी फुटपाथवर बसले आणि हमसून रडले. आप्पांना वाटलं, नोकरी गेली म्हणून.

महिन्याभरात नोएडात नोकरी लागली, पुढे गुडगावातच घर झालं, संसार झाला. कुणी विचारलं, घर कुठलं, की मी गुडगाव सांगते. सांगली म्हणायला जीभ वळते अजून, पण सांगलीनं मला परत ये म्हणायचं त्या दिवशी सोडलं.