शालूला ऐकवलेली पुस्तकं

"मावशी, आई गेली गं... कॅन्सरने गेली," शालूचा तेजस फोनवर म्हणाला. मी दूध तापवत होते. कशाने गेली हे मला सांगायची काहीएक गरज नव्हती, शालूचा आजार निघाला त्या दिवसापासून मी तिच्या घरी सारखी जात-येत होते. पण तो शब्द त्याने मुद्दाम उच्चारला आणि मी गॅस बंद करून तिथेच स्टुलावर बसले. त्या मुलाच्या तोंडून तो शब्द निघावा म्हणून शालूने किती वाट पाहिली होती! दिंडोशीहून रिक्षा करून बोरीवलीला पोचले तोवर सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज यायला लागले होते. 'ताई आता शुद्ध ऊर्जा झाल्या.' 'त्यांनी आपला सुंदर प्रवास पूर्ण केला, आता फक्त कृतज्ञता.' शी! अरे, माणूस मेलंय घरात. तिच्या उशाशी बसून मी ते वाचत होते. ही भाषा कुठून आली ते मला चांगलं ठाऊक होतं. शालूने शेवटचे महिने याच भाषेत काढले होते, तेही कानात बोळे घातल्यासारखे ईअरफोन घालून.

शालिनी गावकर आणि मी टेलिफोन खात्यात एकाच दिवशी लागलो. ट्रंक कॉलच्या बोर्डावर आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. ती मूळची कणकवलीकडची, वडील गिरणीत होते. मी नगरकडची. तिचं बोलणं ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं, ही माझ्याशी भांडतेय. कॉल नीट लागलाय ना, आवाज येतोय ना, हे बघायला आम्हाला मधूनमधून लाइनवर कान द्यावा लागायचा. मिनिटांचे पैसे पडत, त्यामुळे लोक फापटपसारा लावत नसत. 'मुलगी झाली.' 'बाबांचं काही खरं नाही, निघ.' शालू माउथपीसवर हात ठेवून मला म्हणायची, "हा बघ, खोटं बोलतोय बायकोशी," आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. पुढे ट्रंक कॉल गेले, आम्ही बिलांच्या कामाला लागलो, मग घरी बसलो. तिचे मिस्टर झोपेतच गेले. आदल्या रात्री भेंडीच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून दोघं अबोला धरून झोपले होते. ते तिला फार लागलं. "काही बोलायलाच मिळालं नाही गं मंगल," ती म्हणायची, "निदान भांडण तरी पुरं झालं असतं."

मग हिचा आजार निघाला. तेजस तिचा एकुलता एक. मोठ्या कंपनीत ट्रेनिंगचं काम बघतो, लोकांना प्रेरणा देणं हाच त्याचा धंदा. पोरगा वाईट नाही हो, आईवर जीव टाकायचा. पण त्याने पहिल्याच आठवड्यात घरात फतवा काढला, की तो शब्द कोणी उच्चारायचा नाही. शब्दांनी म्हणे आजार ओढला जातो. आजाराला 'पाहुणा' म्हणायचं! आणि केमोने तिचे डोळे चुरचुरायचे, वाचन बंद पडलं होतं, म्हणून त्याने तिच्या मोबाइलवर पुस्तकं ऐकायचं ते ॲप घातलं. मनाची शक्ती, सवयी, विचारांनी आयुष्य बदला... एकामागून एक. "आई, तू फक्त ऐकत राहा, बाकी काही विचार करू नकोस." दुपारी तो ऑफिसात असला की ती मला फोन करायची आणि त्या दिवशीच्या पुस्तकाची सालं काढायची. मी कणीक मळत फोन स्पीकरवर टाकायचे.

"आजचा मेला पहाटे पाचला उठा म्हणतोय. उठलात की जग तुमचं. अगं, तीस वर्षं पाणी भरायला साडेचारला उठले मी! जग सोड, दोन बादल्या जास्त मिळाल्या की गंगेत घोडं न्हायलं. आम्ही यशस्वी होतो हे कोणी सांगितलंच नाही बघ." दुसऱ्या एका पुस्तकात एक बाई सारखी आतल्या बालकाला मिठी मारायला सांगत होती. शालूचं मत: "आतल्या बालकाला मारते गं मिठी. बाहेरचा बालक जवळ बसेना, त्याचं काय करू?" वाचणाऱ्यांच्या आवाजावर तर तिचा विशेष राग. सगळे साजूक तुपातले. कोणी खोकत नाही, कोणी अडखळत नाही, कोणाला शिंक येत नाही. "यातला एक माणूस कधी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेला नाही. आवाजावरून कळतं मला." मग तिने वेग वाढवायचं बटण शोधून काढलं. दीडपट वेगाने लावलं की निदान लवकर संपतं, वर ते उपदेशक माकडांसारखे चिरकतात, तेवढीच करमणूक. मात्र एका पुस्तकाला तिने चांगलं म्हटलं, हेही सांगायला हवं. त्यातली बाई म्हणाली होती, झोप येत नसेल तर पडून राहू नका, उठा, घरातल्या कोणाला तरी उठवा आणि काय वाटतंय ते सांगा. "ही चार माणसांत राहिलेली दिसतेय," शालू म्हणाली. "पण उठवू कोणाला?"

एक दिवस मात्र ती चिडली नाही. आवाज एकदम बारीक. त्या दिवशीच्या पुस्तकात सांगितलं होतं, की असले आजार मनात दाबून ठेवलेल्या रागातून होतात. रोग्याने स्वतःलाच माफ केलं तर गाठ विरघळते. "म्हणजे मीच आणला म्हण ना," शालू म्हणाली. "नवऱ्यावर रुसून झोपले त्याची ही शिक्षा." माझ्या अंगाची लाही लाही झाली. लोकांच्या मरणावर दुकान मांडतात आणि वर दोषही मरणाऱ्याच्याच पदरात! लाज कशी वाटत नाही? तो गुळचट आवाज समोर असता तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता, मग बसला असता आपल्या रागाचं मूळ शोधत.

तिला हवं तरी काय होतं? तेजसशी बोलायचं होतं, बस. मी जाणार आहे, मला भीती वाटते, माझ्यामागे तू असा असा राहा, एवढंच. नवऱ्याच्या वेळी राहून गेलं ते मुलाच्या वेळी राहू नये म्हणून तिचा जीव खालीवर व्हायचा. मी समोर असताना तिने कितीदा सुरुवात केली. "तेजू, मी नसताना..." की हा लगेच, "आई, निगेटिव्ह नको ना. हे नवीन ऐक, मस्त आहे," आणि हाताने ईअरफोन तिच्या कानात. मी त्याला बाहेर गाठून खडसावलं, तर हात जोडून म्हणाला, "मावशी, प्लीज, तू तिचं मनोधैर्य खचवू नकोस." काय बोलणार, कपाळ! डॉक्टरांनी औषधं थांबवू या म्हटलं, तेही याने तिला 'आता शरीर स्वतःच बरं होणार' असं रूपांतर करून सांगितलं. तिला सगळं कळत होतं. ती माझ्याकडे बघायची आणि डोळे मिटायची.

त्याच सुमारास गावाहून तिचे थोरले दीर आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. दारातच तेजसने त्यांना बजावलं, आजाराचं नाव काढायचं नाही. भाऊंनी मान डोलावली. आंघोळ केली, पिशवीतून नारळ काढला आणि देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. यांच्याकडे गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरातली सगळी अडचण देवाला मोठ्याने, जशीच्या तशी सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आम्ही नगरकडची माणसं देवापुढे मनातल्या मनात पुटपुटणारी, मला त्याची भारी गंमत वाटायची. शालूला आम्ही धरून बाहेर आणली, खुर्चीत बसवली.

"बा देवा म्हाराजा!" भाऊंनी आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!" तेजस, त्याची बायको, शेजारचे सावंत, सगळे.

"तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो आसा, म्हाराजा..." "व्हय म्हाराजा!" "ह्या घरातल्या सुनेक कॅन्सर झालो हा!" "व्हय म्हाराजा!"

तेजसही म्हणाला. लहानपणापासून प्रत्येक मे महिन्यात गावच्या देवळात ओरडून ओरडून त्याच्या जिभेला ती सवय. शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, काय बोललो ते. तो भाऊंकडे बघायला लागला, पण भाऊ डोळे मिटून पुढे निघालेले. "औषदाक गुण येणा नाय!" "व्हय म्हाराजा..." "तिका मरणाचा भय वाटता!" इथे तेजसचा आवाज फाटला, पण म्हणाला तो. "तिचो झील भियालो हा, म्हाराजा. तो तोंडान सांगणा नाय!" झील म्हणजे मुलगा. या वाक्याला 'व्हय' आलंच नाही. सावंत खाली बघत होते. मग शालू, जिला दोन शब्द बोलायला धाप लागायची, ती खुर्चीतून म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि तेजस तिच्या पायाशी बसला, तिच्या मांडीत डोकं घातलं आणि म्हणाला, "व्हय."

नंतर त्याने भाऊंना विचारलं, तुम्हाला सांगितलं होतं ना? भाऊ म्हणाले, "तुका नाय सांगलंय रे. देवाक सांगलंय. त्याका खोटा कसा सांगूचा?" त्या दुपारी शालूने मला घरी पिटाळलं. मी चपला घालत होते तेव्हा खोलीचं दार लोटलं होतं. आतून तिचा आवाज येत होता, मध्ये त्याचा. काय बोलले ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. म्हणाली, "बोललो गं." पुस्तकाविषयी काही नाही. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

परवा रविवारी गेले होते. लोक अजून मेसेज पाठवताहेत. कोणीतरी दुःखातून बाहेर पडण्याच्या पाच पायऱ्या सांगणारं पुस्तक भेट म्हणून पाठवलंय, अर्थातच ऐकायचं. तेजसने ते उघडलेलं नाही. तो शालूच्या खोलीत तिच्या पलंगावर बसला होता, चादर तीच. मला म्हणाला, "मावशी, बस. मला काही सांगू नकोस. मी बोलतो, तू फक्त हो म्हण."

"घरात शिरलो की हाक मारतो आणि मग आठवतं."

"हो."

"तिच्या चहाचं आधण जास्त टाकलं जातं."

"हो."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती काही केल्या होईना.

"तिला कधीपासून बोलायचं होतं, मावशी. मी तिला बोलू दिलं नाही."

तसं नाही रे बाळा, तू सगळं तिच्या भल्यासाठीच केलंस, स्वतःला दोष देऊ नकोस... सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. त्या तुपाळ आवाजातलं एकेक वाक्य जिभेवर तयार. मी ते गिळलं.

"हो," मी म्हटलं.

तो रडायला लागला, मोठमोठ्याने. त्याची बायको दारापर्यंत आली. मी तिला हातानेच थांबवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मी त्याला गप्प केलं नाही.