आंगावर औषद हाय

"आईला खाली घे, बेटा. फ्रेम बिघडतेय."

एवढंच म्हणाले सर. हळू आवाजात. चेहरा हसरा, हात गर्दीकडे जोडलेले तसेच. माझी माय तेव्हा स्टेजच्या दुसऱ्या पायरीवर होती. अंगावर ठेवणीतलं पांढरं पातळ. तिला वाटलं, मी तिला वर घ्यायला आले. तिनं हात पुढे केला.

पुसदचं ते मंगल कार्यालय खचाखच भरलेलं. माइकवरचा माणूस परत सांगत होता, "ज्यांच्या घरी सातबारा आहे, त्याच भगिनींनी वर यावं. मजुरांनी कृपया गर्दी करू नये." मी मायचा पुढे आलेला हात धरला आणि तिला खाली उतरवलं. मी. माझ्या हातानं. सर म्हणाले म्हणून.

लोकांना सरांचा राग येतो हे ऐकून. मला आधी माझा येतो.

सर म्हणजे सिनेमातले मोठे नट. नाव घेत नाही, घेतलं तर त्यांचीच जाहिरात व्हायची. आधी खलनायक, मग नायक, केस पिकल्यावर नायकाचा बाप, आणि मग समाजसेवक. कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या जिल्ह्यातून रोज मयताच्या बातम्या जायच्या. तेव्हा ते मुंबईहून आले, संस्था काढली, गेलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना शिलाई मशीन देऊ लागले. खोटं कशाला बोलू, त्या मशीनवर कितीतरी घरं उभी राहिली. आमच्या घरात देव नाहीत, दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आजोबांनीच ते बाहेर काढले. पण मी या माणसाला जवळजवळ त्या रिकाम्या जागेवर बसवलं होतं.

मी आर्णीला कॉलेजात होते. बाजाराच्या दिवशी आम्ही पोरं चौकात पथनाट्य करायचो. एकदा सरांची गाडी त्या गर्दीत अडकली. ते उतरले आणि शेवटपर्यंत उभं राहून बघितलं. कापसावर सिनेमा काढायचा होता त्यांना. वऱ्हाडी शिकवायला कुणीतरी हवं होतं. मला घेतलं, एक छोटी भूमिकाही दिली. "रडू नकोस, रडू आवर. लोक आवरणाऱ्याकडे बघतात," हे त्यांनीच शिकवलं. आजही मी तसंच काम करते. शिकवलेलं नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही.

एक दिवस ते आमच्या घरी आले, फुलसावंगीला. खाली सतरंजीवर बसले, कोरा चहा प्याले. बाबा कसे गेले, ते विचारलं.

बाबा मजूर. दुसऱ्याच्या शेतात फवारणी करायचे. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, पंप मारला की सगळं तोंडावर यायचं. दिवस मावळता घरी आले ते डोळे लाल, तोंडाला फेस, भिंतीला धरून. मी धावले. बाबा मागे सरकले.

"मले हात नोको लावू. आंगावर औषद हाय."

ते त्यांचं शेवटचं बोलणं.

सरांनी विचारलं, "कसलं औषध चालू होतं त्यांना? शुगरचं?"

मायला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. "अवो साहेब, फवाऱ्याचं. आमच्याकडं जहराले औषदच म्हंतेत." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लहानपणापासून लोकं त्याले म्हनत, हात नोको लावू. त्याह्यच्या माठाले, त्याह्यच्या पोराले. मरतानी तेच शब्द त्यानं म्हटले. पोरीले वाचवाले म्हटले."

सर रडले. खरं रडले, नटाचं रडणं मी आता ओळखते. मायचा हात हातात घेऊन म्हणाले, "हे वाक्य तुमच्या यजमानांचं आहे. मी त्यांच्याच नावानं जगाला ऐकवीन."

शूटिंग सुरू झालं. संवादांचे कागद हातात आले. मरणारा माणूस शेतकरी होता. स्वतःचं शेत, बैलजोडी, विहीर. ती भूमिका सरांची. माझं काम मजूर बाईचं, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून बघायचं.

आणि वाक्य? वाक्य तेच. मीच शिकवलं. "सर, औषध नाही, औषद. आहे नाही, हाय." पंधरा वेळा म्हणवून घेतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसं. फरक एवढाच की बीळ खोदून द्यायलाही मीच होते.

शेवटी विचारलं. "सर, बाबाकडे तर शेत नव्हतं."

ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेटा, मजुरासाठी कोण रडतं? थिएटरमध्ये जमीन गेलेली दिसावी लागते." मग पाठीवर हात ठेवला. "तुझ्या बाबांचं नाव मी स्टेजवरून घेईन. पहिली मशीन तुझ्या आईला. माझा शब्द."

मी पुढचं वाक्य शिकवायला घेतलं. हाव नव्हती ती. विश्वास होता. बाबाचं नाव कुठेच नव्हतं. शेतकऱ्यांच्या यादीत नाही, कारण शेत नाही. शेतमालकाच्या तोंडी नाही, कारण त्याला पोलीस नकोत. एकदा कुणीतरी मोठ्या माणसानं माइकवरून ते घ्यावं, एवढंच मायला हवं होतं. मशीनचं तिला काही नव्हतं. तिला सुईत दोराही ओवता येत नव्हता तेव्हा, डोळे अधू झाले होते.

म्हणून ती आली होती पुसदला. पांढरं पातळ नेसून.

मी तिला खाली खुर्चीवर बसवलं. वर मशीन वाटून झाल्या. सिनेमा लागून पंधरा दिवस झाले होते, लोक ओरडायला लागले, "सर, डायलॉग!" सरांनी नाही-नाही म्हणत माइक घेतला. डोळे मिटले. एक पाऊल मागे सरकले, अगदी बाबा सरकले तसे. तेही मीच करून दाखवलं होतं.

"मले हात नोको लावू. आंगावर औषद हाय."

टाळ्या. शिट्ट्या.

माय माझ्याकडे वळली. "हे तं तुह्या बापाचं हाय."

"हो."

"मंग नाव काहून नाही घेतलं त्यानं?"

तेवढ्यात सरांनीच मला वर बोलावलं, "हिला मी आर्णीच्या रस्त्यावर शोधलं!" मी गेले. फोटोवाले पुढे आले. आशीर्वादासाठी सरांचा हात माझ्या डोक्याकडे आला.

"मले हात नोको लावू."

माइक चालू होता. लोक हसले, त्यांना वाटलं नाटकच आहे. सरांचा हात मात्र हवेत राहिला. त्यांना कळलं होतं. मी माइक जवळ ओढला. "हे वाक्य माह्या बापाचं हाय. तो शेतकरी नव्हता. मजूर होता. दुसऱ्याच्या पऱ्हाटीत मेला." मग बाबाचं नाव घेतलं. पूर्ण. आडनावासकट, गावासकट. हसणं थांबलं. कुणीतरी माइकची वायर ओढली, पण नाव घेऊन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचा ड्रायव्हर एक मशीन घेऊन दारात. फोटो नको, सही नको. मायनं विचारलं, "कोनाच्या नावानं हाय?"

"नावाचं काय घेऊन बसल्या मावशी, ठेवून घ्या."

"मंग वापस ने."

सरांच्या पुढच्या सिनेमात मी नव्हते. त्यानंतर बरीच वर्षं कुणाच्याच नव्हते. आता आहे. लहान-मोठी कामं करते. पण फवारणीच्या महिन्यांत शूटिंग घेत नाही. तेव्हा मी आमच्या भागात शेताशेतांतून फिरते. कोण मजूर कोणाच्या शेतात औषध मारतोय, ते नावानिशी लिहिते. कुणी दवाखान्यात गेलाच, तर केसपेपरवर मजूर लिहिल्याशिवाय आणि मालकाचं नाव पडल्याशिवाय तिथून हलत नाही. मालक मला नाटकी बाई म्हणतात. म्हणोत.

मुलाखतीत हमखास विचारतात, तुम्हाला कोणी शोधलं? मी सांगते, मी हरवले नव्हते.

परवा सरांच्या संस्थेचं पत्र आलं. मोठा कार्यक्रम आहे, माझा सत्कार करायचाय, झालं गेलं विसरून जाऊ म्हणतात. मी कळवलंय, येते. एकटी नाही येणार. फवारणीत नवरा गेलेल्या, सातबारा नसलेल्या जेवढ्या बाया माझ्या वहीत आहेत, तेवढ्या घेऊन येते. पहिल्या पायरीवर माय असेल, आणि या वेळी मी तिला खाली घेणार नाही.

फ्रेम बिघडणार आहे.