काकांचा पश्चात्ताप तपासायला झाशीला

झाशीला लोक किल्ला पाहायला जातात. मी काकांना तपासायला गेले.

पप्पांना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. त्यांचं सगळं मीच करते. मागच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या भावाचं, सुधीरकाकांचं, पत्र आलं : "दादाची सेवा करायला येऊ का?" काका रेल्वेतून निवृत्त होऊन झाशीतच राहिलेले. याआधी दोनदा ते असेच नगरला आले होते. दोन्ही वेळा चर्चमध्ये उभं राहून तारणाची साक्ष दिली, म्हणजे प्रभूने पापातून कसं सोडवलं ते सांगितलं, सगळ्यांना रडवलं, आणि महिन्याभरात पिऊन न सांगता निघून गेले. आता पप्पा पलंगावर आहेत. तिसऱ्यांदा तसं झालं तर?

नगरहून थेट गाडी आहे, जवळपास एक दिवस लागतो. डबा घरचाच न्या. शनिवारी संध्याकाळी काका स्टेशनवर घ्यायला आले. "सलाम, बेटा," म्हणाले. मी वाकून पाया पडले, आणि वाकताना वासही घेतला. नुसता साबणाचा वास होता. साबण कशासाठी इतका, असंही मनात आलंच.

रविवारी आम्ही सिविल लाइंसमधल्या चर्चला गेलो. चिंचेच्या सावलीतली जुनी दगडी इमारत आहे, आतून थंड. पादरीसाहेबांनी विचारलं, "कोई गवाही देगा?" मी काकांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसून राहिले. ज्यांना साक्षीशिवाय राहवत नसे, ते गप्प! काहीतरी लपवताहेत, अशी माझी खात्री झाली.

जेवणानंतर ते हात धुवायला गेले तेव्हा मी त्यांची पिशवी उघडली. (मी असं करायला नको होतं. रात्री प्रार्थनेत कबूल केलं.) आत एक बाटली. झाकण काढलं तर भपकन वास. दारात काका उभे.

"स्पिरिट आहे, जखमेचं," ते म्हणाले. रागावले नाहीत. "येतेस का बरोबर?"

ई-रिक्षाने वीस रुपयांत मानिक चौकात गेलो. बाजार बघायचा तर दुपारी या, गर्दी कमी असते. एका बोळात दाराशी एक म्हातारी अम्मा पाय पसरून वाट बघत होती.

"काय भैया, आज बड़ी देर कर दई! जा मोड़ी कौन आय?" ही पोरगी कोण, असं बुंदेलीत विचारत तिने माझ्याकडे बोट केलं.

"भतीजी है, अम्मा. जासूसी करने आई है."

अम्मा खदखदून हसली. काका जमिनीवर बसले. कोमट पाण्यात त्यांनी तिचे पाय धुतले, साखरेच्या आजाराने चिघळलेली टाच त्या स्पिरिटने पुसली, नखं कापली. अम्मा सुनेच्या कागाळ्या सांगत होती. काकांनी प्रभूचं नावही काढलं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "साक्ष का नाही दिलीत?"

"लोक रडायचे ना, तेव्हा मला चढायची. दारूपेक्षा जास्त. म्हणून दारूबरोबर साक्ष पण सोडली."

"मग हे कशासाठी? पापं फेडायला?"

"फेडणारा मी कोण गं? ते प्रभूने क्रुसावर फेडलं. त्याचा आनंद मनात मावत नाही, म्हणून पाय धुतो."

मी अक्षरं शिकले ती घरातच, पप्पांनी बायबल मांडीवर घेऊन शिकवलेली. देव फुकट क्षमा करतो, ही कृपेची वचनं मला तोंडपाठ आहेत. तरी पप्पांना पुसताना मी रोज हेच मोजते, की आज देव माझ्यावर नाराज तर नाही.

किल्ला सोमवारी पाहिला. पाण्याची बाटली आणि टोपी जरूर न्या.

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "कसा आहे तो?"

"बदलले असं मी शपथेवर सांगणार नाही. म्हातारीचे पाय धुताना पाहिलं, तेवढं सांगते."

पप्पांचा अर्धाच चेहरा हसतो. "ये म्हणून लिही."

काका आले त्याला आज चार दिवस झाले. सकाळी मी पाण्याचं घमेलं उचलायला गेले, तर ते आधीच पप्पांच्या पायाशी बसलेले. पप्पा म्हणाले, "तू जा, तो आहे." तीन वर्षांत पहिल्यांदाच मी सकाळी अंगणात बसून सावकाश केस विंचरले. मधे दोनदा उठून खिडकीतून पाहून आले. तिसऱ्यांदा उठले होते, पण परत बसले.